ती आंघोळ मी घातली नव्हती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, तिला तर नाहीच. सहा वर्षं झाली. लिहायला बसले की भलतंच काहीतरी लिहून होतं आणि वही मिटते. आज नेटानं लिहिते आहे. तुम्ही ओळखीचे असल्यासारखंच लिहिते, म्हणजे मध्येच हात थांबणार नाही.

निमित्त साधंच झालं. मी कणकवलीला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला आता सातवा महिना चालू आहे. तिनं परवा मेसेज केला — "मॅडम, नवीन आईबाबांनी ऐकावीत अशी चांगली पॉडकास्ट सांगा ना. इथे मला विचारायला कुणी नाही." मी विचार करून चार नावं पाठवली. एका बालरोगतज्ज्ञ बाईंचं, एक दूध पाजण्याबद्दलचं, एक फक्त बापांसाठी असलेलं, आणि आणखी एक, ज्याबद्दल पुढे सांगेन. माझं नाव त्यात घातलं नाही. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "ही नक्की ऐकते. तुमचं तर पहिल्या भागापासून ऐकतेच आहे. मला तुमच्यासारखी आई व्हायचंय."

मी फोन पालथा ठेवला आणि जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती — पुन्हा घासली.

माझ्यासारखी आई. कुठली?

हो, माझं एक पॉडकास्ट होतं. नाव 'चेडवाची आवस'. आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात आणि आईला आवस; म्हणजे मुलीची आई, एवढाच अर्थ. तुम्ही मालवण-कुडाळ बाजूचे असाल, किंवा इथून मुंबईला गेलेले, आणि मधल्या काळात तुमच्या घरी बाळ आलं असेल, तर कदाचित कानावर पडलंही असेल. ऐकण्यासारख्या पॉडकास्टच्या याद्या लोक एकमेकांना पाठवतात ना — त्यांत ते असायचं. माझा आवाज बरा आहे. एकीनं लिहिलं होतं, ताई, तुम्ही बोलता तेव्हा कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं वाटतं.

हात कुणाचा होता, ते सांगायचं आहे. पण एकदम सांगायला जीभ रेटत नाही. आधीपासून सांगते.

सईचा जन्म फेब्रुवारीतला. माझं माहेर बांद्याला. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती, घरी बाबा एकटे, त्यामुळे बाळंतपण सासरी करायचं ठरलं. सासर मालवण तालुक्यातल्या कट्टा गावापासून बरंच आत. भातशेती, काजू, थोडे आंबे. घरात आम्ही चौघंच — मी, महेश, त्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भावोजी, आणि त्यांची बायको, माझी जाऊ. सुलभावयनी. त्यांच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, कोल्हापूरपर्यंत जाऊन झालं, आणि मग एके दिवशी वयनींनी ती सगळी फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली आणि तो विषय काढणं बंद केलं. हे मला महेशनं सांगितलं. वयनींनी कधीच नाही.

मला पोटुशी असताना वाटायचं, माझं हे सगळं बघताना त्यांना किती जड जात असेल. मी त्यांच्यासमोर डोहाळ्यांबद्दलसुद्धा बोलायचे नाही. बघा, किती समजूतदार होते मी तेव्हा.

मग सई झाली. कणकवलीच्या दवाखान्यात. नर्सनं तिला पुसून, गुंडाळून माझ्या हातात दिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तिच्याकडे बघितलं, आणि — काहीच झालं नाही. एसटी स्टँडवर अनोळखी बाई "जरा धरा हां" म्हणून पिशवी हातात देते ना, तसं वाटलं. नीट धरली पाहिजे, सांडता कामा नये, आणि ती बाई कधी परत येते. बस. मी हसले. सगळ्यांना बरं वाटलं.

म्हटलं, थकवा असेल. उद्या येईल माया. उद्या नाही आली. घरी आल्यावर येईल म्हटलं. घरी आलो. बारावा दिवस झाला, नाव ठेवलं, बायका जेवून गेल्या. ती माझ्या शेजारी झोपलेली असायची आणि मी छताची कौलं मोजत पडायचे.

पाजायचे मी. तेवढं करायचे. पाजून झालं की वयनींच्या हातात द्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून इअरफोन लावायचे. काय ऐकायचे माहीत आहे? पॉडकास्ट. नवीन आयांसाठीची. हिंदीतली, इंग्रजीतली, पुण्याच्या बायकांची, मुंबईच्या डॉक्टरांची. जी जी सापडतील ती. मला वाटायचं, कुणीतरी सांगेल की माया आली नाही तर काय करायचं. कुणीच सांगायचं नाही. सगळ्याच जणी म्हणायच्या, बाळाच्या डोळ्यांत बघितलं आणि मी सगळ्या वेणा विसरले. बाळाला शांत कसं करायचं हे मी कानात ऐकत असायचे, आणि बाळ शेजारच्या खोलीत रडत असायचं. मग मी आवाज वाढवायचे. हेही आज सांगून टाकते — आवाज वाढवायचे.

आणि शेजारच्या खोलीत वयनी होत्या.

त्या काय करायच्या ते मी बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. न्हाणीचं दार माझ्या खाटेवरून दिसायचं. वयनी पाय पसरून बसायच्या, सईला नडग्यांवर पालथी घालायच्या आणि तांब्या उचलण्याआधी तिला सांगायच्या. "आता पाणी येतला हां बाय. गरम नाय, बरा आसा. पयला पायांर, मगे पाठीर." महिन्याच्या पोरीला. सगळं आधी सांगायचं आणि मगच करायचं. अंगाला हात लावण्याआधीसुद्धा. सई आंघोळीला कधी रडली नाही. आमच्या वाडीतल्या बायका यायच्या बघायला, की ही रडत कशी नाही.

संध्याकाळी मात्र ती रडायची. दिवस कलला की सुरू. तेव्हा वयनी तिला खांद्यावर घेऊन परसात जायच्या आणि एकेका झाडासमोर उभ्या राहून ओळख करून द्यायच्या. हो फणस, तुझ्या पणज्यान लायलो. ह्यो रतांबो. ही काजी, हिचो मोहोर यंदा जळलो. शेवटच्या माडापर्यंत जाईतो पोर गप्प झालेली असायची. एकदा मला खिडकीतून ऐकू आलं, वयनी तिला सांगत होत्या — "आवस दमली हा तुझी. तिका निजांदी. आपण दोगा भायर आसव."

दमली हा. एवढंच. मला त्यांनी कधी विचारलं नाही की तू पोरीला घेत का नाहीस. महेशला म्हणाल्या, ओली बाळंतीण आहे, विश्रांती पाहिजे. महेशनं विश्वास ठेवला. तो साधा माणूस आहे, ऑफिसमधून आला की आधी माझ्या कपाळाला हात लावून बघायचा, ताप तर नाही ना. ताप नसायचा.

असे चार महिने गेले. पाचवा लागला. एका दुपारी मी न्हाणीकडून येत होते. वयनी ओटीवर बसल्या होत्या, सई मांडीवर. वयनींनी काहीतरी तोंड केलं आणि सई हसली. खदखदून, सगळं अंग हलवून. तिचं तसं हसणं मी पहिल्यांदा बघितलं. आणि मला काहीतरी टोचलं.

ती माया होती असं मला लिहायला आवडलं असतं. नव्हती. मला हेवा वाटला. चार महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. ही माझी आहे ना? मग ही हिच्याकडे बघून काय हसते? मी गेले आणि सईला उचलून घेतलं, जरा ओढूनच. वयनी म्हणाल्या, "घे गो घे. कधीपासून तुझी वाट बघता हा ती." आणि चुलीकडे गेल्या.

माया पुढे आली. हळूहळू, रखडत, पण आली, आणि आता ती इतकी आहे की सांगायची सोय नाही. पण पॉडकास्टची सुरुवात त्या दुपारच्या हेव्यातून झाली. हे मात्र मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगायचे की आपल्या भाषेत असं काही नव्हतं म्हणून सुरू केलं.

सई आठ महिन्यांची होती. भात कापून, झोडून झालं होतं. महेश म्हणाला, तू इतकी पॉडकास्ट ऐकतेस, तुझा आवाज चांगला आहे, तूच का करत नाहीस? घरात भाताची पोती ठेवायची एक खोली आहे. पोत्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही. मी फोन घेऊन तिथे बसले. पहिला भाग कशावर करायचा? आंघोळीवर. मी बोलायला लागले. "नमस्कार. मी सईची आई. आज मी तुम्हाला सांगणार आहे की मी सईला आंघोळ कशी घालायचे. मी तिला पायांवर घ्यायचे, आणि पाणी घालण्याआधी तिला सांगायचे…"

ऐकलंत? मी. मी. मी.

तोंडातून कसं आलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की बोलण्याच्या ओघात आलं. पण पुसता आलं असतं ना. पुन्हा रेकॉर्ड करायला किती वेळ लागतो? 'माझी जाऊ घालायची' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तू कुठे होतीस? त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं — खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मी तो भाग तसाच टाकला. पंधरा दिवसांत तो कुठे कुठे पोचला. दुबईहून एका मालवणी बाईनं लिहिलं, तुमच्यासारखं करून बघितलं, बाळ रडलं नाही. मी वाचून खूश झाले. खरंच खूश झाले, खोटं कशाला बोलू?

मग रीतच पडून गेली. नवा भाग करायचा आठवडा आला की चहाच्या वेळी मी वयनींना विचारायचे. वयनी, ती संध्याकाळची रडायची, तेव्हा तुमी काय करायचात? वयनी, तिका शिंका येत तेव्हा? वयनींना असं विचारलेलं आवडायचं. त्यांचा चेहरा खुलायचा. मध्येच हसायच्या, हातानं करून दाखवायच्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. पॉडकास्ट म्हणजे मी कॉलेजचं काहीतरी बोलते, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांना वाटायचं, हिला त्या दिवसांतलं काही आठवत नाही, म्हणून विचारते. आणि मी ते सगळं घेऊन पोत्यांच्या खोलीत जायचे, आणि 'वयनी' च्या जागी 'मी' घालायचे. शेवटपर्यंत एकूण सत्तेचाळीस भाग केले मी असे.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी कधीतरी तिचा आवाजी मेसेज आला. मी कट्ट्याला बाजारात होते. स्टॉपवर उभी राहून ऐकला. देवगड बाजूची होती. आधी अगदी पुस्तकी मराठीत बोलत होती, की ताई, तुमचे सगळे भाग ऐकते, माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. मग तिचा सूर बदलला आणि ती घरातल्या बोलीवर आली. "ताई, माका काय एक वाटणा नाय. ता रडता, मी बघित रवतंय. कोणाक सांगलंय तर म्हणतीत, आवस काय ही. तुमका असा कधी झाला काय?"

तुम्हाला असं कधी झालं का? इतकं सरळ. उत्तर हो किंवा नाही, एका शब्दाचं. त्या दिवशी, त्या स्टॉपवर, जगात त्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊ शकणारी बाई तिला सापडली होती. तिला नक्की सापडली होती. आणि त्या बाईनं काय उत्तर दिलं, बघा — मी ते अजून फोनमध्ये ठेवलं आहे. "थोडा थकवा मलाही यायचा ग, पण बाळाच्या तोंडाकडे बघितलं की सगळा पळून जायचा. तू रोज त्याला परसात घेऊन जा. झाडांची नावं सांग. बघ, आपोआप ओढ लागेल."

परसातल्या फेऱ्या वयनींच्या. आणि थकवा कसला? जे मला भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना ऐकायला हवं होतं, कुठल्याही पॉडकास्टमधून, कुठल्याही भाषेत, ते सांगायची पाळी माझ्यावर आली, आणि मी तिला तेच ऐकवलं जे सगळ्यांनी मला ऐकवलं होतं. तिनं "थँक्यू ताई" लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

वर्षभरानं ती मला भेटली. कणकवलीत महिलांचा एक कार्यक्रम होता, मला बोलायला बोलावलं होतं. संपल्यावर एक मुलगी पुढे आली, कडेवर पोर. म्हणाली, मीच ती. मी ओळखलं, आवाजावरून ओळखलं. पोर गुटगुटीत होतं, तिचा पदर चावत होतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितल्यासारखं मी रोज परसात न्यायचे. काही होत नव्हतं. मग वाटलं, माझ्यातच खोट आहे. परत कुणाला सांगितलं नाही. आता बरी आहे मी. पण तुमच्यासारखं सगळ्यांना नाही ना जमत." हे ती तक्रार म्हणून बोलत नव्हती. कौतुकानं बोलत होती. मला तिथे तिला बाजूला घेता आलं असतं. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, कुणी ऐकत नव्हतं. मी तिच्या पोराच्या गालाला हात लावला. तिनं फोटो मागितला. मी फोटोत हसले आहे.

वर्षभर कुणाला सांगितलं नाही, असं ती म्हणाली. ते वर्ष कसं गेलं असेल हे मला माहीत आहे. माझे तर चारच महिने होते, आणि माझ्या घरात वयनी होत्या. तिच्या घरात कोण होतं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

अजून एक राहिलं आहे. सगळ्यात अवघड ते.

सई तीन वर्षांची झाली आणि अंगणवाडीत जायला लागली. तिला आणायला वयनीच जायच्या. एकदा माझं कॉलेज लवकर सुटलं, म्हटलं आज मीच जाते. गेले तर दारात चपलांचा ढीग. बाळंतिणींची आणि लहान पोरांच्या आयांची सभा चालली होती. सेविकाताईंनी फोन एका छोट्या स्पीकरला जोडला होता, आणि आतून माझा आवाज येत होता. आंघोळीचा भाग. "मी पाणी घालण्याआधी तिला सांगायचे…"

वयनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सई त्यांच्या मांडीवर. त्यांनी माझं पॉडकास्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या खाली बघून ऐकत होत्या आणि सईच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधत होत्या. मी दाराबाहेर होते; मला त्या दिसत होत्या, मी त्यांना दिसत नव्हते.

भाग संपला. आमच्या शेजारची मंदा तिथे होती. तिनं वयनींना आंघोळ घालताना कितीदा बघितलं होतं. ती म्हणाली, "ह्या सगळा तर सुलभावयनीन केल्यान मां? आमी काय बघूक नाय?"

सगळ्या बायका वयनींकडे बघायला लागल्या. वयनींनी रिबिनीची गाठ मारली. मग म्हणाल्या, "नाय गो. आवशीनच केल्यान सगळा. मी आपली बाजूक होतंय."

मी दारात होते. एक पाऊल आत टाकलं असतं की झालं असतं. 'नाही, मंदा म्हणते ते खरं आहे' — एवढंच म्हणायचं होतं. मला वाक्य शोधायची गरज नव्हती. मी मागे सरले. चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि रस्त्यापर्यंत अनवाणी गेले. तिथे चपला घालून, आत्ताच आल्यासारखी उभी राहिले. थोड्या वेळानं वयनी सईला घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, "आज लवकर इलंस?" मी हो म्हटलं. तिघी चालत घरी आलो. सई मध्ये, तिचा एक हात माझ्या हातात आणि एक त्यांच्या.

चौदा वर्षं ज्या बाईला लोकांनी विचारलं, काय गो, अजून काही नाही? — तिच्या वाट्याला आई असण्याचे चार महिने आले होते. तेवढेच. पुढे मी सईला घेतली, कारण ती माझीच होती. पण ते चार महिने त्यांचे होते; वाडीतल्या दहा-बारा बायकांनी ते बघितले होते. मी तेही काढून घेतले, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर मला देऊन टाकले. चिडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला कुठेतरी तोंड लपवता आलं असतं. त्या आठवड्यात मी काही विचारायला गेले नाही. तर चहाच्या वेळी त्याच माझ्यापाशी येऊन बसल्या. "ह्या आठवड्यात काय सांगतलंस गो? दातांचा सांगलंस काय? तेवा मी काय करी, थंड पाण्यात फडका भिजवून तेचा टोक तिच्या तोंडात…"

आणि मी ते ऐकलं. आणि पोत्यांच्या खोलीत जाऊन 'मी' घालून रेकॉर्ड केलं. हो — त्यानंतरसुद्धा. आणखी पाच भाग केले. मग सई मोठी झाली, वेळ मिळत नाही, असं ऐकणाऱ्यांना सांगून बंद केलं.

मघाशी म्हटलं होतं ना, विद्यार्थिनीला पाठवलेल्या नावांत आणखी एक होतं. ते मला मागच्या वर्षी सापडलं. कट्ट्याहून कणकवलीला जाताना एसटीत ऐकत होते. एक बाई बोलत होती, विदर्भातली असावी बोलण्यावरून. ती म्हणाली, "मला माझं बाळ परकं वाटायचं. पाच महिने." एवढं साधं. मग तिच्यासोबतच्या डॉक्टर बाईंनी त्याला नाव असल्याचं सांगितलं, बाळंतपणानंतरचं नैराश्य, ते अनेकींना येतं, त्यावर उपचार असतात. मी खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही काय? ऐकण्यासारखं पॉडकास्ट म्हणजे काय, ते मला त्या एसटीत कळलं. तिनं एक वाक्य खरं सांगितलं होतं. माझ्या सत्तेचाळीस भागांत तेवढं एक वाक्य नाही.

त्या चार महिन्यांना नाव मिळालं, हे बरं झालं. पण पुढच्या अडीच वर्षांना ते नाव लावता येत नाही. तेव्हा मी बरी होते. खोटं बोलले तेव्हा मी अगदी ठणठणीत होते.

म्हणून आता सरळ लिहिते. 'चेडवाची आवस' च्या भागांत जिथे जिथे 'मी' आहे, तिथे सुलभा आहे. आंघोळ तिनं घातली. झाडं तिनं दाखवली. दातांचं, शिंकांचं, उचकीचं सगळं तिचं. माझं त्यात फक्त पाजणं आणि आवाज. आणि देवगडच्या त्या मुलीनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर 'हो' असं आहे. मलाही झालं होतं. चार महिने.

हेच वाचून अठ्ठेचाळिसावा भाग करायचा, असं मी ठरवलं होतं. पण इथवर लिहून झालं आणि वाटलं, आता तरी आधी त्यांना. वयनी मागल्या दारी कोकमासाठी रतांबे फोडत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल. मी शेजारी बसून सगळं वाचून दाखवलं. त्या फोडत होत्या, ऐकत होत्या. दवाखान्यातलं आलं तेव्हा त्यांचे हात थांबले. पिशवीचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. अंगणवाडीचं आलं तेव्हा थांबले नाहीत.

वाचून संपलं. त्यांनी उरलेले रतांबे फोडून संपवले. मग म्हणाल्या, "ह्या त्या देवगडच्या चेडवाक आयकूक गावतला काय?"

मी म्हटलं, माहीत नाही वयनी. ती अजून ऐकत असेल तर.

"मगे हयसर कित्या बसलंस? जा. बोल जा."